लेकीबरोबर घरी खेळायला ड्रॅगन बॉल फायटर्झ घ्यावा का? (पीएस४) सल्ला हवा

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. वर्षभरात तिने ड्रॅगन बॉल झी ही जपानी ॲनिमेशन मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि तेव्हापासून वह्यांची मागची पानं त्यातल्या गोहान (नायक गोकूचा मुलगा) आणि सेल (खलनायक) यांनी भरून गेली आहेत. मेव्हण्याने पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) घेतला, त्याचा जुना पीएस४ आमच्याकडे आला, दोन कंट्रोलरसकट. आता तिला मारामारीचा गेम हवाय आणि तो बाबाबरोबरच खेळायचाय. ही दुसरी अट ऐकून मला फार बरं वाटलं.

माझा अनुभव म्हणाल तर कॉलेजात असताना व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळलेला मारामारीचा टेक्केन ३. मी त्यातलं एडी हे पात्र घ्यायचो आणि हाताला लागेल ते बटण दाबायचो. त्यापलीकडे काही येत नाही.

अडचण वेगळीच आहे. आधी गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आणला होता. लेक चार वेळा हरली, कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि तो गेम पुन्हा लावला नाही. मी मुद्दाम हरलो तर तिला लगेच कळतं, मग रुसवा दुप्पट. त्यामुळे असा गेम हवाय जो दोघं शून्यापासून शिकू शकू.

दुकानात ड्रॅगन बॉलच्याच दोन गेमची नावं कळली, फायटर्झ आणि स्पार्किंग झीरो. यातला कुठला घेऊ? महागडी आवृत्ती घ्यावी का साधी? आणि या वयाला ठीक आहे ना?

मधला_गडी

स्पार्किंग झीरोचा विचार आत्ताच सोडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीवर आला, पीएस४साठी काढलेलाच नाही. आला तेव्हाच १८२ पात्रं होती, उडत उडत मोकळ्या मैदानात लढता येतं, सगळं खरं. पण तुमच्या घरात तो चालणार नाही.

फायटर्झ घ्या. न कचरता घ्या.

जानेवारी २०१८चा गेम आहे. योकोहामाच्या आर्क सिस्टिम वर्क्सने बनवला, बंदाई नामकोने प्रकाशित केला. आर्क म्हणजे गिल्टी गिअरवाले, बाजूने दिसणारे टूडी फायटिंग गेम हे त्यांचं पिढीजात काम. दोघं एकाच पडद्यावर समोरासमोर उभे असतात. पडदा मधोमध कापला जात नाही, कॅमेरा पाठीमागे फिरत नाही. शेजारी बसून खेळायला हीच मांडणी बरी, कारण जे तुम्हाला दिसतं तेच तिलाही दिसतं.

प्रत्येकाने तीन पात्रं निवडायची. एक मैदानात, दोन बाहेर. बाहेरच्यांना बटण दाबून क्षणभर मदतीला बोलावता येतं (याला असिस्ट म्हणतात), किंवा पूर्ण अदलाबदल करता येते. बाहेर गेलेल्याच्या आरोग्याच्या पट्टीतला निळा भाग हळूहळू भरून येतो, त्यामुळे मार खाल्लेल्याला वेळेवर मागे घेणं हीसुद्धा खेळी आहे. आपल्या खो-खोची सवय असेल तर कधी कोणाला उठवायचं हे तिला पटकन कळेल.

मारायची बटणं चार: लाइट, मीडियम, हेवी आणि स्पेशल. लाइट परत परत दाबलं की कॉम्बो, म्हणजे सलग वारांची साखळी, आपोआप पुढे जातो. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर काहीतरी देखणं घडतं आणि मूल टिकतं. कामेहामेहासाठी (गोकूचा हातांतून सोडायचा ऊर्जेचा झोत) कंट्रोलरची काठी खालून पुढे पाव गोल फिरवायची आणि बटण दाबायचं. जवळपास सगळ्या पात्रांच्या चाली याच दोन-तीन हालचालींवर आहेत. म्हणजे गोकू शिकलात की ट्रंक्स अर्धा शिकून झाला.

महागडी आवृत्ती सध्या नको. मूळ गेममध्ये २४ पात्रं आहेत, त्यातली तीन खेळता खेळता उघडतात. गोहान तर दोन आहेत, सेलशी लढला तो पोरसवदा आणि नंतरचा मोठा. नंतर आलेली पात्रं धरून आकडा ४४ वर गेला, पण तीन-तीन जणांची दोन पथकं नीट यायलाच तुम्हाला पावसाळा लागेल. वयाचं म्हणाल तर युरोपात १२ वर्षांपुढे असा शिक्का आहे. मालिकेत जेवढी मारामारी तेवढीच इथे.

धुकट

माझं मत जरा वेगळं. मुलांसाठी नारुतो शिपुदेन अल्टिमेट निन्जा स्टॉर्म ४ बघा. २०१६चा आहे, पीएस४वर छान चालतो. मारायला मुख्य बटण एकच, बाकी चक्र (पात्राची ऊर्जा) भरणं आणि सटकणं. माझा पुतण्या आठव्या वर्षापासून खेळतोय. आणि गोष्ट फार मन लावून सांगितली आहे, निन्जा युद्धापासून नारुतो-सासुकेच्या शेवटच्या लढाईपर्यंत.

फायटर्झची गोष्ट मला कंटाळवाणी झाली. नकाशावर एकेक घर पुढे सरकायचं आणि गोकू, क्रिलिन, फ्रीझाच्या त्याच त्याच प्रतिकृतींशी लढायचं. तीन भाग आहेत, तिन्हीत तेच. तिसऱ्यापर्यंत मी कसाबसा पोचलो.

मधला_गडी

धुकट, गोष्टीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. गोष्टीसाठी हा गेम घेऊच नये. अँड्रॉइड २१ हे नवं पात्र तेवढं लक्षात राहतं, तिच्या रेखाटनावर स्वतः ड्रॅगन बॉलचे जनक अकिरा तोरियामा यांची देखरेख होती.

पण निळी_शाई यांना दोघांनी खेळायचंय आणि लेक ड्रॅगन बॉलवेडी आहे. तिच्या हातात नारुतो देऊन चालणार नाही हो. गोहानसाठी जीव टाकणाऱ्या पोरीला गोहानच हवा.

आता रुसव्याबद्दल. मला या धाग्यात खरं बोलायचंय ते यावरच.

नवखा माणूस फायटर्झमध्ये पहिल्या दिवशी एकाच गोष्टीने हरतो, सुपर डॅश. पलीकडचा एक बटण दाबतो, त्याचं पात्र उडी घेऊन थेट तुमच्या अंगावर येतं, तुम्ही कुठेही असा. वाटेतले साधे की ब्लास्ट (की म्हणजे पात्राची ऊर्जा, तिचे फेकलेले गोळे) त्याला थांबवत नाहीत. लागला की कॉम्बो सुरू आणि तुम्ही बघत बसायचं. चार वेळा असं झालं की कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतोच, मलाही वाटला होता.

त्यावरचा उतारा म्हणजे काठी खाली आणि हेवी. बस. प्रत्येक पात्राला हा वरच्या दिशेचा ठोसा किंवा लाथ आहे. ती चाल सुरू असताना हवेतून येणारा वार तुम्हाला लागत नाही आणि येणारा मात्र उलटा वर फेकला जातो. थांबायचं, तो जवळ येऊ द्यायचा आणि मग दाबायचं. लवकर दाबलंत तर चाल वाया जाते आणि तो येऊन आदळतो.

तर पहिला रविवार फक्त यावर घालवा. सरावाच्या मोडमध्ये तुम्ही सुपर डॅश मारत राहा, लेकीने खाली-हेवी करायचं. वीस वेळा झालं की बाजू बदला. त्यानंतर ती हरेल तेव्हा तिला कारण दिसेल: उशीर झाला, घाई झाली, दाबायचं विसरले. गाड्यांच्या गेममध्ये तिला ते दिसत नसणार.

आणि मुद्दाम हरू नका. त्याऐवजी स्वतःवर उघड अट घाला. "आज मी असिस्ट बोलावणार नाही" असं आधी सांगून टाका. तिला ठाऊक असलेली सूट तिला चालेल, लपवलेली चालणार नाही.

चिंच_गूळ

+१ उघड अटीला. आमच्याकडे दोन मुलगे, तीन वर्षांचं अंतर. थोरल्याने स्पार्किंग ब्लास्ट वापरायचा नाही असा घरचा नियम आहे. प्रत्येक लढतीत तो एकदाच मिळतो, थोडा वेळ ताकद वाढते, निळं आरोग्य भरायला लागतं आणि हरत आलेला डाव उलटतो. धाकट्याला तेवढी एक जास्तीची संधी मिळते, भांडणं निम्मी झाली.

एक सांभाळा. आम्ही जुनी डिस्क एका ओळखीच्या दुकानातून घेतली, खोक्यावर जादा पात्रांचा उल्लेख होता. घरी येऊन बघतो तर आतला कोड आधीच्या मालकाने कधीच वापरून टाकलेला. कोड एकदाच चालतो. त्यामुळे जुनी डिस्क घेताना फक्त मूळ गेमचे पैसे द्या.

मधला_गडी

बरोबर. त्यात आणखी एक: डिस्क ज्या प्रदेशाची, जादा पात्रं त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावी लागतात. कुणी परदेशातून डिस्क आणून देत असेल तर हे आधी बघा. मूळ गेम चालेल, नंतर घेतलेलं पात्र मात्र दिसणारच नाही असं होऊ शकतं.

रेघोट्या

लेक चित्रं काढते हे वाचून थांबलो, म्हणून लिहितोय. मी ॲनिमेशनमध्ये काम करतो आणि मला स्वतःला या गेममधून चित्राबद्दल खूप मिळालं.

पडद्यावर दिसतं ते हाताने काढलेलं वाटतं, पण सगळी पात्रं थ्रीडी आहेत. नेहमीच्या थ्रीडीमध्ये एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये जाताना मधल्या हालचाली संगणक भरतो, म्हणून सगळं तेल लावल्यासारखं गुळगुळीत सरकतं. आर्कच्या लोकांनी ते भरणंच बंद केलं. प्रत्येक पोझ माणसाने बसवायची, ती काही फ्रेम तशीच धरून ठेवायची आणि एकदम पुढच्या पोझवर उडी. टीव्हीवरच्या जपानी ॲनिमेशनमध्ये नेमकं हेच होतं. डोळ्याला लागणारा तो झटका त्यातूनच येतो. सावल्यासुद्धा दिव्याच्या हिशेबाने आपोआप पडू न देता जिथे चित्रकार टाकेल तिथे पाडल्या आहेत. २०१४च्या गिल्टी गिअर झर्डमध्ये त्यांनी ही पद्धत बसवली आणि फायटर्झमध्ये ती तोरियामांच्या रेषेवर चढवली.

ठोसा मारताना हात किती ताणलाय, मूठ चेहऱ्यापेक्षा मोठी झालीय का, हे चालत्या खेळात कळत नाही. थांबवलं की कळतं. पीएस४च्या कंट्रोलरवर शेअर बटण आहे, त्याने स्क्रीनशॉट घेता येतो. लेकीला सांगा, गोहानची एकेक चाल टिपायची आणि वहीत उतरवायची. वास्तवातलं शरीर इतकं वाकत नाही, चित्रातलं का वाकवायचं हे तिला हाताने समजेल.

माझं आवडतं पात्र तिएन. की पट्टीचे तीन भाग खर्चून त्याचा मोठा वार केला की त्याचा सवंगडी चिआओत्झू येऊन प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला चिकटतो आणि स्वतःला उडवून देतो. मालिकेत तो प्रसंग पाहून लहानपणी मी जेवलो नव्हतो. इथे तो आपल्याच हाताने घडवावा लागतो, आणि अजूनही ते बटण दाबताना मला जड जातं.

राइनकाठ

ड्युसेलडॉर्फहून. पुण्यातल्या आतेभावाबरोबर दर शनिवारी फायटर्झ खेळतो, म्हणून ऑनलाइनबद्दल सांगतो, पुढेमागे उपयोगी पडेल.

आधी खेळणं अशक्य होतं. बटण दाबलं की पलीकडून निरोप येईपर्यंत गेम थांबायचा, मगच हात हलायचा. वर मधला_गडी यांनी सांगितलेलं खाली-हेवी इतक्या उशिरा निघायचं की सुपर डॅश येऊन आदळलेला असायचा. २९ फेब्रुवारी २०२४ला पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसीला रोलबॅक मिळालं. यात गेम पलीकडच्याची वाट बघत नाही. तो आत्ता करत होता तेच पुढेही करेल असं धरून चालतो, आणि अंदाज चुकला तर दोन-चार फ्रेम मागे जाऊन दुरुस्त करतो. कधीकधी पात्र एका जागेवरून दुसरीकडे टुणकन गेल्यासारखं दिसतं, पण आपलं बटण वेळेवर लागतं. त्या आठवड्यात मी आणि आतेभाऊ रात्री दोनपर्यंत खेळलो. तेव्हा माहीत नव्हतं, दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, तोरियामा गेले होते. बातमी ८ तारखेला आली. त्या शनिवारी आम्ही दोघांनीही फक्त गोकूच घेतला.

पीएस४ला रोलबॅक मिळालेलं नाही. शिवाय पीएस४वर ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते. घरात दोघांनी खेळायला यातलं काहीच लागत नाही. पुढे कधी पीएस५ घेतलात तर पीएस४चा गेम पैसे न भरता वर चढवता येतो, फक्त डिस्क असेल तर डिस्कवाला पीएस५ हवा. आणि एका कन्सोलवरून दुसऱ्या प्रकारच्या कन्सोलवाल्याशी खेळता येत नाही, तेव्हा मेव्हण्यांशी खेळायचं असेल तर घेतानाच ठरवा.

निळी_शाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रेघोट्या, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला, तिने तो दोनदा वाचायला लावला. उद्या डिस्क आणतो. सुरुवातीला कुठली पात्रं घेऊ ते सांगाल का?

मधला_गडी

तिला पोरसवदा गोहान घेऊ द्याच, वेगवान आहे. त्याच्याबरोबर पिकोलो आणि क्रिलिन द्या, गोष्टीतलं नातंही जुळतं. पिकोलोचा हात लांबवर पोचतो, त्यामुळे जवळ न जाता मारता येतं. क्रिलिनचा मार हलका, पण मदतीला तो भला.

तुम्ही सेल घ्या, सगळं थोडं थोडं येणारा आणि भरपूर मारणारा. नापा मजेचा, तो जमिनीत सायबामन पेरतो आणि ते उगवून लढायला येतात. मंद आहे मात्र. तिसरा गिन्यू. त्याचे साथीदार एकेक करून येतात, आणि की पट्टी भरलेली असेल तर तो समोरच्याचं शरीरच बदलून घेतो. लेकीला आधी सांगू नका.

जमायला लागलं की दोघं मिळून लास वेगासमधल्या एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या दोन अंतिम लढती बघा, २०१८ आणि २०१९. दोन्हीकडे सोनिकफॉक्स विरुद्ध जपानचा गोइची. पहिल्या वर्षी सोनिकफॉक्सनी भर अंतिम सामन्यात बसायची बाजू बदलून मागितली आणि जिंकले, दुसऱ्या वर्षी गोइचीने परतफेड केली. जगातले सर्वोत्तम दोघं, आणि तेसुद्धा सुपर डॅश खातात. लेकीला ते दिसू द्या.

निळी_शाई

महिन्याने येतोय, पण सांगायला हवंच.

पहिला रविवार तुम्ही सांगितलात तसाच घालवला. मी सुपर डॅश, ती खाली-हेवी. पहिल्या आठ-दहा वेळा माझा सेल तिच्यावर आदळत राहिला. तिचा खालचा ओठ दाबला गेला, मला तो चेहरा ओळखीचा. मी काही बोललो नाही. अकराव्या की बाराव्या वेळी गोहानचा पाय वर गेला आणि सेल उलटा हवेत. ती माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "तू आधी निघतोस ना बाबा, तेव्हा आवाज येतो. मी आवाजावर दाबते." मला तोवर तो आवाज ऐकूच आला नव्हता.

तेव्हापासून रोज जेवणानंतर तीन लढती. माझी अट अशी की असिस्ट नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच ती काढून टाकली. हरते अजूनही, पुष्कळदा हरते, पण हरल्यावर आता "थांब, परत दाखव" म्हणते. गिन्यूने शरीर बदललं त्या दिवशी तिची किंकाळी ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या होत्या.

परवाची लढत सांगतो. मैदान तिने निवडलं, सेलच्या स्पर्धेचं. माझे नापा आणि गिन्यू पडले, सेल उरला. तिचा एकटा गोहान, आरोग्य चिमूटभर. मी घाईघाईत सुपर डॅश टाकला. खाली-हेवी. मग दोन मिनिटं वाटावीत अशी काही सेकंदं आम्ही दोघंही नुसते ब्लॉक करत होतो. शेवटी तिचा हेवी लागला आणि पडदा बदलला. तो मालिकेतलाच प्रसंग, गोहानचा एक हात, मागे गोकू, कामेहामेहा, सेल त्यात विरघळतोय. मला हे गेममध्ये आहे हे माहीतच नव्हतं. तिला माहीत होतं. मैदान, पात्र, शेवटचा वार, सगळं जुळवून आणण्यासाठी ती तीन दिवस मागे लागली होती, म्हणूनच मला रोज सेल घ्यायला लावत होती.

ती ओरडली वगैरे नाही. सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मग शेअर बटण दाबायचं राहून गेलं म्हणून हळहळली.

आता एक शंका. ती ड्रॅगन रश लावते तेव्हा मी ब्लॉक धरून बसलेला असतो तरी लागतोच. काय करू?

मधला_गडी

वाचून फार आनंद झाला.

ड्रॅगन रश ब्लॉकला मोडतोच, ती पकड आहे. तो येताना दिसला की ब्लॉक धरून न राहता लाइट आणि मीडियम एकत्र दाबा, पकड सुटते. थोडा मंद असतो, नजर ठेवलीत तर वेळ मिळतो. ती लांब असताना तुम्ही ब्लॉक धरून गप्प बसता तेव्हाच ती तो लावत असणार. मधूनमधून लाइट मारत राहा, तिला यायचा धीर होणार नाही.

आणि तिला मागे-स्पेशल दाबायला सांगा. येणारा वार परतवून समोरच्याला लांब ढकलता येतं. ते ती शिकली की तुमचा नापा तिच्या जवळही पोचणार नाही, तेव्हा तुम्ही आत्तापासून ट्रंक्सचा सराव सुरू करा.